अंघोळ कोण घालणार?

आमच्या सिनेगॉगच्या बायकांच्या मंडळात पहिली चार वर्षं मी फक्त सॅलड चिरलं. मी ठाण्याची, बेने इस्राएल. बाकीच्या बायका जोहान्सबर्ग, पॅरिस, न्यूयॉर्क अशा ठिकाणांहून दुबईत आलेल्या. नवी आलेली प्रत्येक बाई मला एकदा तरी विचारायची, "मराठी बोलणारे ज्यू असतात?" मग मी कोकण किनाऱ्यावरच्या आमच्या पिढ्यांची गोष्ट थोडक्यात सांगायची आणि पुन्हा काकड्यांकडे वळायची.

मंडळाची कामं बरीच होती. शनिवारच्या शब्बाथचं जेवण, बाळंतिणीला डबा, आजाऱ्याची विचारपूस. शिवाय एक काम असं होतं, ज्याबद्दल कुणी मोठ्यानं बोलत नसे. समाजातली एखादी बाई वारली, तर दफनाआधी तिला विधिपूर्वक अंघोळ घालून कफन नेसवायचं. हे बायकांनीच करायचं असतं. आमच्या मंडळप्रमुख, जोहान्सबर्गच्या एक निवृत्त शिक्षिका, यांनी मला त्यासाठी दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा मी मुलांच्या परीक्षा पुढे केल्या. खरं कारण वेगळं होतं. ठाण्याला माझी आई वारली तेव्हा शेजारणी तिला अंघोळ घालत होत्या, आणि मी दाराबाहेर उभी राहिले होते. आत ये म्हणून त्यांनी दोनदा बोलावलं. माझा पाय उचलला नाही.

एका सोमवारी सकाळी मी दुबईच्या सिलिकॉन ओएसिस भागातल्या ऑफिसात असताना प्रमुखबाईंचा फोन आला. अबुधाबीच्या एका हॉस्पिटलात आपल्यातल्या एक म्हाताऱ्या बाई आहेत. इस्राएलहून मुंबईला निघाल्या होत्या, विमान बदलताना एअरपोर्टवर पडल्या, मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशनला नाही म्हणतायत. मुलीचा पासपोर्ट संपलाय, तिला यायला दोन दिवस तरी लागतील.

"हिब्रू येणारी आपली पॅरिसची मैत्रीण तिथे बसली आहे," त्या म्हणाल्या. "पण बाई आता हिब्रू बोलतच नाहीत. वेगळंच काहीतरी बोलतात. मला वाटतं, तुझी भाषा."

मी बॉसला निरोप टाकला आणि गाडी काढली.

खोलीत पॅरिसची मैत्रीण पाण्याचा ग्लास हातात धरून हताश बसली होती. पलंगावर एवढीशी म्हातारी, डोळे गच्च मिटलेले. मी वाकून म्हटलं, "मावशी, फार दुखतंय का हो?"

तिनं डोळे उघडले. माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

"कुठली गं तू?"

"ठाण्याची. माझी आजी पेणकडची."

"मी रेवदंड्याची," ती म्हणाली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. मग बांध फुटल्यासारखं सगळं बोलली. एकोणिसाव्या वर्षी नवऱ्याबरोबर इस्राएलला गेली होती. धाकटी बहीण अजून रेवदंड्यातच होती, आता तिलाही फार दिसत नव्हतं. एकदा तिला भेटून यायचं म्हणून ही एकटीच निघाली होती. नर्स हिंदीत समजावत होती, पण हिंदी मावशीला कधी आलीच नव्हती.

"मग ऑपरेशन का नको म्हणता?" मी विचारलं. "डॉक्टर म्हणतायत, जितका उशीर तितकी भीती."

"कापायला मी भीत नाय गं." तिनं माझं मनगट धरलं. "पण टेबलावरच गेले तर? मातीचं पोरं बघतील. पण अंघोळ कोण घालणार? इथं आपलं कोण हाय? परके लोक गुंडाळतील नि देतील पाठवून."

मी प्रमुखबाईंना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिला सांग, आम्ही चौघी जणी आहोत. सगळं रीतीप्रमाणे करू. पण आम्हाला ती वेळ यायला नको आहे, हेही सांग."

मी मराठीत सांगितलं. मावशीनं शांतपणे ऐकून घेतलं.

"नि तू? तू हायस ना त्यात?"

फोन चालूच होता. मैत्रीण माझ्याकडे बघत होती, तिला शब्द कळत नव्हते.

"आहे, मावशी," मी म्हटलं.

"मग आण तो सहीचा कागद."

मी ऑपरेशनच्या संमतीपत्राची एकेक ओळ मराठीत सांगितली आणि मावशीनं उजवीकडून डावीकडे, हिब्रू अक्षरांत सही केली.

दुपारी तिला आत नेलं. तोवर प्रमुखबाई दुबईहून येऊन पोचल्या. बाहेरच्या खुर्च्यांवर आम्ही दोघी शेजारी बसलो. थोड्या वेळानं मी म्हटलं, "मी तिच्याशी खोटं बोलले."

"काय?"

"मीही त्या चौघींत आहे म्हणाले."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "आज खरंच गरज पडली असती, तर आली असतीस?"

"माहीत नाही."

"पहिल्या वेळी मलाही माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "दारापर्यंत गेले तेव्हा कळलं."

समोरच्या दारावरचा लाल दिवा काही विझेना. मी मनात 'शमा' ही प्रार्थना म्हणायला घेतली आणि दोनदा मध्येच विसरले.

अखेर सर्जन बाहेर आले. टोपी काढत म्हणाले, "खलास!" अरबीत म्हणजे 'आटोपलं'. "छान झालं. आजीबाई जाग्या होतायत."

ती वाचली म्हणून मी हसत होते, आणि अंघोळ घालायला मला त्या दारातून आत जावं लागलं नाही म्हणूनही. दुसऱ्या कारणाची लाज वाटत होती, तरी हसू थांबत नव्हतं. प्रमुखबाई माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडल्या. मग आम्ही मशीनमधून बिस्किटांचा पुडा घेतला आणि तिथेच उभ्या उभ्या संपवला.

पुढचे दोन दिवस मंडळानं पाळ्या लावल्या. तिसऱ्या दिवशी मुलगी आली. पाचव्या दिवशी मावशीनं फर्मान काढलं, "जीव वाचला. मलिदा करायला पाहिजे." एलियाहू हनावी या प्रेषिताच्या नावानं आमच्यात असा मलिदा करतात, नवस फिटला की, संकट टळलं की. माझ्या स्वयंपाकघरात चौघीजणी जमल्या. भिजवलेले पोहे, गूळ, वेलची, पाच फळं. पॅरिसच्या मैत्रिणीनं आयुष्यात पहिल्यांदा नारळ खवला आणि बोट सोलून घेतलं. माझी मुलगी येता-जाता बोकाणे भरत "इट्स सो गुड, मम्मा" म्हणत होती. हॉस्पिटलात मावशीनं घास तोंडात घातला, डोळे मिटले, आणि म्हणाली, "खोबरं कमी हाय."

तीन आठवड्यांनी मुलीबरोबर व्हीलचेअरवर बसून ती मुंबईच्या विमानात चढली. परत इस्राएलला चल म्हणून मुलीनं जंग जंग पछाडलं होतं. मावशीनं ऐकलं नाही.

त्या महिन्यात मी प्रमुखबाईंकडे जाऊन अंघोळीचा विधी शिकून घेतला. पाणी कसं ओतायचं, चेहरा कसा झाकलेला ठेवायचा, शेवटी त्या गेलेल्या बाईची माफी कशी मागायची. या वेळी मी दाराबाहेर थांबले नाही.

मग एका दुपारी रेवदंड्याहून व्हिडिओ कॉल आला. ओटीवर दोन म्हाताऱ्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. धाकटी बोटांनी थोरलीचा चेहरा चाचपत होती आणि थोरली तिला ओरडत होती, "अगं, डोळ्यात बोट घालशील माझ्या!"