विमलताईंच्या आज्ञांची फाईल

परंड्यातल्या त्या खोलीत पाऊल टाकताच प्रथम कानी आला तो आवाज. किंचित घोगरा, दमलेला, आणि तरीही ठाम. "मागं. थांब. खाली ये." विमलताई समोरच्या नव्या कोऱ्या संगणकाशी बोलत होत्या, आणि संगणक पाषाणासारखा निश्चल होता.

विमलताई माझ्या शाळेतल्या ज्येष्ठ सहकारी. स्नायूंच्या व्याधीने हात निकामी होत गेले, तेव्हा आवाज ओळखणाऱ्या प्रणालीच्या आधारे त्या लिहू लागल्या, आणि तिला स्वतःच्या बोलीतल्या शेकडो आज्ञा त्यांनी चिकाटीने शिकवल्या. आता जुना संगणक बंद पडला होता. आज्ञांची फाईल तेवढी बचावली होती, पण नव्या प्रणालीला ती वाचता येत नव्हती. आणि ताईंचे आईवरचे पुस्तक शेवटच्या प्रकरणाशी येऊन अडले होते. तामलवाडीच्या शिवारात खुरपणीवर आयुष्य वेचलेली, अक्षराची ओळख नसलेली आई!

"श्वास लई दिवस साथ देईल असं वाटत न्हाय गं," ताई शांतपणे म्हणाल्या. "तेवढं पुस्तक पुरं होऊ दे."

फाईल मी घरी आणून उघडली, तर पडदाभर चौकोन आणि प्रश्नचिन्हे. बऱ्याच खटपटीनंतर योग्य अक्षरसंकेत सापडला आणि ओळीमागून ओळ मराठी उमटू लागली : उच्चारायचे शब्द, त्यांपुढे करायची कृती, आणि आज्ञा शिकवल्याची तारीख. सुरुवातीला एक आज्ञा होती, 'आता हे सगळं नीट जपून ठेव.' वर्षभराने तीच 'नीट ठेव' झाली. अखेरीस उरले नुसते 'ठेव'. श्वास आखडत गेला तसतशी ताईंनी आपली भाषा आखडती घेतली होती, कुणापाशी अवाक्षरही न काढता! इतकी वर्षे त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसून मला हे कसे कळले नाही?

मग एकेक ओळ नव्या मांडणीत बसवली. बसवताना शिक्षिकेची खोड आड आली. शब्दांचे लेखन मी शुद्ध करत गेले. रविवारी फाईल ताईंच्या नव्या संगणकात घातली. ताई म्हणाल्या, "मागं." काही हलले नाही. तिसऱ्यांदा म्हणताना त्यांना धाप लागली.

"काय लिवलंयस, दाखव बरं."

मी यादी पुढे धरली. त्यांनी ती वाचली आणि त्या खळखळून हसल्या. "'मागे'? अगं, म्या कवा 'मागे' म्हणलं?"

मी ओशाळले. एका माणसाने स्वतःच्या श्वासावर तोलून घेतलेले शब्द शुद्ध करायला मी कोण? तिथेच बसून सारी फाईल पुन्हा उलगडली. ताई एकेक शब्द उच्चारत, मी कानांवर पडेल तसा लिही. मध्ये त्या डोळे मिटून विसावत; मी थांबे. दुपार कलून गेली, तेव्हा कुठे शेवटची ओळ बसली.

मी ताईंना पाण्याचा घोट पाजला. "आईचं पान," त्या म्हणाल्या.

आणि पान उघडले! एखादे बंद दार आतून कुणी उघडावे, तसे अगदी अलगद. अर्ध्यावर राहिलेल्या मजकुराखाली, ताई सांगतील तशी, नवी अक्षरे एकामागून एक उमटू लागली : 'आईनं मला शाळेच्या दारापाशी सोडलं, डोईवरचा पदर सारखा केला आन् ती खुरपायला गेली. मी वळून बघितलं न्हाय.'

ताईंचे डोळे भरून आले होते, पण ते पुसायला हात उचलत नव्हते. मी पदराने टिपले. त्यांनी मान हलवली आणि पुढचे वाक्य सांगायला घेतले. माझे काम कधीच संपले होते; मला मात्र तिथून उठवेना.