मडमेचा गुलाब मिरजेहून आला

"जाधव, याला गुलाब म्हणतात? असली झुडपं स्मशानाच्या कुंपणाला असतात!"

आमचे मालक पोर्चमध्ये उभे राहून असे ओरडत होते, की खाली वाईत लोकांनी दुकानं बंद केली असावीत. एका हातात विलायतेहून आलेलं पत्र, दुसऱ्या हातात माझ्या बागेतलं बटणाएवढं पांढरं फूल.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. पाचगणीत एका जुन्या साहेबाच्या बंगल्याचं हॉटेल झालं होतं, तिथे मी गार्डन सुपरवायझर. शेतकी शाळेचा डिप्लोमा, अंगात हाफ स्वेटर आणि डोक्यात त्याहून जास्त ऊब. बाग साहेबाच्या वेळचीच. उतरते टप्पे, लॉन, हायड्रेंजियाचे वाफे आणि पोर्चवर चढवलेला जर्दाळू रंगाचा वेलगुलाब. तो साहेबाच्या मडमेनं स्वतः लावलेला. आता तिची सत्तरीची मुलगी चार दिवसांनी आईचा गुलाब बघायला येणार होती. आणि पोर्चवर जर्दाळू रंगाचं एकही फूल नव्हतं.

"बाई यायच्या आत तो गुलाब दिसला नाही, तर दुसरी नोकरी बघा," मालक म्हणाले.

झालं काय होतं, ते सांगतो. चांगला गुलाब बहुधा स्वतःच्या पायावर उभा नसतो. खाली जंगली गुलाबाचं मूळ असतं, त्याला खुंट म्हणतात. त्यावर चांगल्या जातीचा डोळा, म्हणजे कोंब, बसवतात. वर राणी, खाली हमाल. पण हमालालाही फुटवे येतात. ते दिसले की खुडायचे. नाही खुडले, तर हमाल राणीचं ताट खातो आणि एक दिवस राणी जाते.

मी दोन वर्षं हमालाचेच लाड केले. माणच्या धनगरांकडून लेंडीखत आणवलं. फुटवे असे माजले, की पोर्चमध्ये डुलकी काढावी तर उठेपर्यंत खुर्चीला विळखा. वरची खोडं वाळली, ती मीच करवतीनं उडवली. हेड माळी बाबूतात्या तेव्हा म्हणाला होता, "सायेब, ह्यो जंगली हाय." मी त्याला डिप्लोमा ऐकवला होता.

मालक आत गेल्यावर मी तात्याकडे बघितलं. तो तंबाखू मळत म्हणाला, "मिरजंला हाय."

"काय?"

"गुलाब. शांतीच्या दारात."

शांता त्याची लेक. ती सासरी निघाली तेव्हा माहेरचं झाड म्हणून कुणी तुळस दिली असती, कुणी जाई. तात्यानं पोर्चवरच्या वेलाची फांदी मातीत खोचून दिली. नुसत्या फांदीवर जगलेला, म्हणजे त्याला खुंटच नाही. मुळापासून शेंड्यापर्यंत राणी!

दुसऱ्या दिवशी तात्याला घेऊन एसटीनं मिरज गाठली. दवाखान्यांच्या मागच्या बोळात, तेलाच्या पत्र्याच्या डब्यात तो उभा होता. दोन फुलं, पाच कळ्या. मी त्याला वाकून नमस्कार केला. देवाशप्पथ केला.

"न्हाई देनार," शांता म्हणाली.

"अगं, सायबांची नोकरी जातीया," तात्या म्हणाला.

"आबा, माज्या लग्नातलं भांडं न् भांडं सासूनं धाकट्या जावंला दिलं. ह्यो तेवडा माजा ऱ्हायलाय." मग ती माझ्याकडे वळली. "वरचा तुमीच वाळवला न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो. माझी भाषासुद्धा जमिनीवर आली होती.

"मग तुमच्या हातात न्हाई द्यायची. मी येती संगं. आन् माजा डबा परत घिऊन जानार."

साताऱ्याच्या गाडीत कंडक्टर खिडकीच्या सीटवरच्या डब्यापाशी थबकला. "ह्ये कोन बसलंय?"

"माहेराला चाललंय. बसू द्या की," शांता म्हणाली. बसू दिलं.

वाईच्या पुढे पसरणीचा घाट लागला. मी, तात्या आणि एक मिशाळ पेन्शनर सुभेदार, असं तिघांनी कळ्यांभोवती कडं केलं. सुभेदार प्रत्येक वळणाला "लेफ्ट! राइट!" अशी वर्दी देत होते. तरी एक कळी गळालीच. मी रडलो, असं तात्या सांगत असे. साफ खोटं. सुभेदार रडले.

पोर्चवरचं रान तोडून आम्ही डबा खड्ड्यात पुरला आणि वेल खांबाला बांधला. बाई आल्या. मी सत्तर वर्षांचा खोटा इतिहास पाठ करून उभा होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. फुलावर वाकल्या, डोळे मिटले, वास घेतला. आणि लहानपणी आयाकडून शिकलेल्या बोलीत म्हणाल्या, "व्हय. ह्योच त्यो."

मालकांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

"पन ल्हान हाय. केवडा हाय ह्यो?" बाईंनी विचारलं.

मी तोंड उघडलं. शांता आधी बोलली, "माज्या लग्नाएवडा. नऊ वर्सं. मिरजंहून आनलाय."

मी मनात दुसरी नोकरी शोधायला लागलो. पण बाई खदखदून हसल्या, शांताचा हात धरून पायरीवर बसल्या आणि तासभर दोघी त्या गुलाबाचं बोलत राहिल्या. मी लॉनवर बसलो. बसलो कसला, आडवाच झालो. चार दिवसांत पहिल्यांदा श्वास पोटापर्यंत पोचला.

नोकरी राहिली. शांतानं चार फांद्या कापून बापाला दिल्या, डबा उकरला आणि गाडी पकडली. मी डिप्लोम्याच्या मागे पेननं लिहून ठेवलं: डोळ्याच्या खालून आलेल्या फुटव्याला कुरवाळू नये.

मालकांच्या डोक्यात मात्र दोन दिवसांनी प्रकाश पडला. तात्या त्या चार फांद्यांना पाणी घालत होता, तिथे जाऊन ते कडाडले, "तात्या, हॉटेलच्या बागेतली फांदी तू नेलीस ती कुणाला विचारून?"

तात्यानं झारी खाली ठेवली.

"कुनालाच न्हाई," तो म्हणाला. "म्हनून तर ऱ्हायला."