वळणापुरती जागा

धाकटा भाऊ गेला. त्याच्या मधमाश्यांच्या पेट्यांचा ट्रेलर आता त्याची बायको सुनंदा ओढणार आहे. तिच्या पिकअपच्या हौद्यात ट्रेलर जोडायचा हूक बसवायचा होता, म्हणून मी तिच्याबरोबर वर्कशॉपमध्ये गेलो. ट्रेलरचं तोंड थेट हौद्यावर टेकणार होतं, आणि हौदा आखूड. मिस्त्रीने दोन हूक दाखवले. एक जागेवर पक्का बसणारा, दुसरा रुळावरून मागे सरकणारा.

"पक्काच बसवा. हलायला नको," मी म्हणालो.

मिस्त्री हसला. "सर, सरळ रस्त्याला काय बी चालतंय. वळताना ट्रेलरचा कोपरा केबिनची काच फोडंल की!"

"दादा, तुम्ही नेहमी पक्कंच सांगता," सुनंदा म्हणाली. आवाजात राग नव्हता.

कॉलेजातली नोकरी सोडून भावाने मधमाश्या पाळायचं ठरवलं, तेव्हाही नोकरी सोडायची नाही, यावर मी असाच ठाम होतो. इतकी वर्षं तो माझ्यामागून सरळ आला होता. तो कधी वळेल, आणि तेव्हा आमच्यात थोडी जागा लागेल, हे मला सुचलंच नाही. त्यानंतर सहा वर्षं मी त्याच्या घरी गेलो नाही. गेलो तो थेट त्याला पोचवायला.

सरकता हूक बसला. सुनंदाने ट्रेलर जोडला, हूक मागे ओढून गाडी वळवली. ट्रेलरचा कोपरा काचेपाशी आला आणि वीतभर अंतरावरून निघून गेला.

"बसा, दादा. ह्यांना तुम्हाला सूर्यफुलांचं रान दाखवायचं होतं."

मी बसलो. वाटेतल्या प्रत्येक वळणावर मागे वळून ती वीतभर जागा बघत राहिलो.