सूर्याचं खळं
आज सकाळी बाबांनी मोबाईलवर सूर्याचा फोटो पाठवला, भोवती फिकट कडं आणि खाली एकच शब्द: ‘खळं’. तो वाचला आणि नाकात सोयाबीनच्या भुशाची धूळ शिरली. खातेगांवच्या हिंदी शाळेत मी आठवीत होतो, बाबा तिथेच गणित शिकवायचे. खिडकीबाहेर थ्रेशर घरघरत होतं आणि विज्ञानाच्या सरांनी मला फळ्यावर सूर्याचे थर काढायला लावले होते. पिवळ्या खडूने प्रकाशमंडल काढलं, लाल खडूने वर्णमंडल. सगळ्यांत बाहेरचा, ग्रहणातच दिसणारा पांढरा कोरोनाही काढला, पण त्याचं नाव काही आठवेना. आदल्या संध्याकाळी पुस्तकातल्या त्याच पांढऱ्या कड्यावर बोट ठेवून बाबा म्हणाले होते, ‘‘चंद्राला पडतं ना, तसंच हे सूर्याचं खळं.’’ मी तेच लिहिलं. तिकडच्या मालवी बोलीत खला म्हणजे फक्त मळणीची जागा. ‘‘सूरज का खला?’’ सर हसले, ‘‘क्यों भिया, वहाँ सोयाबीन निकालेगा?’’ वर्ग खिदळला. मी सांगितलं, पापाने बताया. सरांनी शेजारच्या वर्गातून बाबांना बोलावलं. बाबांनी फळा पाहिला, मला पाहिलं, आणि सरांकडे वळून तसंच हसले. ‘‘पता नहीं सर, कहाँ से उठा लाया,’’ म्हणाले, आणि डस्टर न घेता तळव्यानेच तो शब्द पुसून टाकला. निवृत्त झाल्यापासून त्यांना मराठीचा फार पुळका आलाय, रोज एक शब्द पाठवतात. मी उत्तर टाइप केलं: ‘ये क्या होता है, पापा?’