चौदा पानांचं मानपत्र

माझ्या सासऱ्यांइतका एखाद्या बँडवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या इंग्लंडात नसेल, आणि बँडच्या माहेरी ऑस्ट्रेलियात तर नसेलच नसेल! स्लाऊच्या वेअरहाउसमध्ये जन्मभर फोर्कलिफ्ट चालवलेला, दारूच्या थेंबाला न शिवलेला हा माणूस एकदा बस चुकली म्हणून पबात शिरला. आत चार घामेजलेली ऑस्ट्रेलियन पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत होती. "आधी कानच गेले," पप्पा सांगतात, "मग शब्द कळले. मूळच्या लोकांची जमीन त्यांना परत द्या म्हणत होते, अगं! गोरी पोरं! पबात!"

तेव्हापासून बँड इकडे आला की पप्पा पहिल्या रांगेत, हातात ऑरेंज ज्यूस. गाणं संपलं की लोक शिट्ट्या मारायचे, पप्पा घसा फोडून "जय भीम!" म्हणायचे. जमिनी लुबाडणाऱ्या खाणवाल्यांना झोडणारं गाणं रेडिओनं लावलं नाही, तर पप्पांनी आमचा रेडिओच लॉफ्टमध्ये टाकला. बँड फुटला तेव्हा दोन दिवस धड जेवले नाहीत, पुन्हा जुळला तेव्हा सगळ्या स्ट्रीटला खीर वाटली. आणि हे सगळं मानपत्रात उतरत गेलं. हो, मानपत्र! मोठ्या माणसाचा शाल आणि मानपत्र देऊन सत्कार करायचा असतो, एवढंही या देशाला कळत नाही याचं त्यांना भारी वाईट वाटतं. दर अल्बमला एक पान वाढायचं, तेही मराठीत.

"अहो पप्पा, त्यांना कळणार कसं?"

"इंग्रजीत मानपत्राला वजन येत नाही, बाळा."

डांबरगोळ्यांतली शाल दर कार्यक्रमाला जायची आणि तशीच परत यायची. स्टेजपाशी कोण जाऊ देतंय!

या वर्षी बँडनं शेवटचा दौरा जाहीर केला. आता नाही तर कधीच नाही. मीही सोबत गेले. कार्यक्रम संपल्यावर मागच्या दाराशी तासभर ताटकळलो. गायक आला, पांढऱ्या केसांचा, थकलेला, बसकडे निघालेला. पप्पांनी चौदा पानं उघडली, "सन्माननीय" एवढं म्हणाले आणि पुढे आवाजच फुटेना. मीच शाल पप्पांच्या हातात दिली. गायकानं वाकून ती खांद्यावर घेतली, पानं कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि पप्पांकडे निरखून पाहिलं.

"पहिली रांग! ऑरेंज ज्यूस!" तो हसला, आणि अगदी स्वच्छ म्हणाला, "जय भीम."

बाई गं! आयुष्यभर ओरडून जय भीम म्हणणाऱ्या माणसानं नुसते हात जोडले. बस निघाली, वळली, दिसेनाशी झाली. तेव्हा कुठे पप्पांचे ओठ हलले.

"जय भीम," ते म्हणाले, इतक्या हळू की मी शेजारी होते म्हणून ऐकू आलं.