शेटाणीबाईंचा सूर्य

शेटाणीबाईंची नजर अशी, की धरणाच्या पल्याडच्या काठावर बसलेलं पाखरू कंचं हाय ते दुर्बीण डोळ्याला लावायच्या आधी सांगायच्या. नारायणगावात त्यांचं कापडाचं दुकान. जैन मानसं, मूळची राजस्थानची, पण बोलणं आमच्यावानीच. दिवाळी सरली, थंडी पडली की दर आठवड्याला जीप धरून पाखरं बघायला येडगावच्या धरणावर यायच्या. माझं छप्पर काठालाच, म्हनून वाट दावायला मला संगं घ्यायच्या.

गुडघे पार गेलेले. चिखलात पाय रुतला की हातानं उपसून पुढं टाकायच्या. मी म्हनायची, बसा, इथनंबी दिसतंय. तर म्हनायच्या, "हौसा, एवढंसं पाखरू हिमालय ओलांडून आलंय. मला एक काठ पुरा होऊ नये?" अन् काठ पुरा करायच्याच.

जेवणाचंबी तसंच. दिवस मावळला की तोंडात पाण्याचा थेंब न्हाई. डब्यात मेथीची थेपली, मुगाची उसळ असायची. परत निघायच्या आधी उजेडात खायच्या. एकदा मी म्हनलं, इथं अंधारात कोन बघतंय तुमाला?

"मी असते ना," म्हनल्या.

किल्लारीला भूकंप झाला त्याच्या पुढल्या साली माझं मालक गेलं. पदरात तीन पोरी. टमाट्याची तोडणी सरलेली, दुसरं काम न्हाई. मी मासे धरायच्या तंगुसाच्या दोऱ्याचे फासे करून काठच्या गवतात लावायला लागले. बदक घावलं की पोरींचे दोन दिस निघायचे. शेटाणीबाईंना ठावं नव्हतं. त्या आल्या की मी त्यांना दुसऱ्या आंगानं न्यायची.

एक दिस म्हनल्या, आज त्या कडंनं जाऊ. मी म्हनलं, तिकडं दलदल हाय. ऐकतील तर त्या शेटाणीबाई कसल्या. गेलो तर फाशात भगवं बदक, जितं. त्याचा जोडीदार पाण्यावर घिरट्या घालून वरडत व्हता.

मी म्हनलं, फासा माझा हाय.

"खायला का विकायला?"

"खायला. पोरी सकाळधरनं उपाशी हायेत."

शेटाणीबाई तिथंच चिखलात बसल्या, बदक वटीत घेतलं. तंगूस पायात रुतलेला, एकेक पीळ सोडवला. लई येळ लागला. मंग बदक माझ्या हातात दिलं.

"तुझं आहे. काय करायचं ते तू ठरव. कापलंस तरी पुढच्या आठवड्याला मी येणारच."

हातात ते नुसतं धडधडत व्हतं. त्या रागावल्या असत्या तर मी कापलं असतं. सोडून दिलं.

जोडी लांब जाईस्तोवर त्या बघत ऱ्हायल्या. मंग डबा काढून माझ्यापुढं धरला. "सूर्य मावळला गं. आता मला चालत नाही. वाया जाण्यापेक्षा पोरींना दे."

मी वळून पाह्यलं. सूर्य डोंगराच्या वर चांगला हातभर व्हता. मी डबा घेतला. त्या तशाच उपाशी जीपला गेल्या.

फासे मी चुलीत घातले. पुढल्या आठवड्याला त्या आल्या, काठ पुरा केला, त्या गोष्टीचं नाव न्हाई. त्या जाऊन आता लई वरसं झाली. माझी धाकटी अजून म्हनती, आये, आमी ती थेपली खाल्ली तवा दारात ऊन व्हतं.

मी म्हनते, न्हाई गं, दिस बुडाला व्हता.