चहावरचा सौदा

आमच्या घाटंजीतला एक कापूस व्यापारी प्रत्येक वाक्याआधी "आयका जी" म्हणतो. त्याच्या लेखी दोघांनी चहा घेतला की सौदा झाला. मग भाव कितीही चढो, तो माल दुसऱ्याला देत नाही.

ढाक्याच्या एका गिरणीवाल्याला त्याने रुईच्या गाठी अशाच विकल्या. फोनवर एकमेकांना पाहत दोघांनी चहा घेतला. पण तिकडच्या बँकेला इकडचा करारनामा चालेना आणि इकडच्या वकिलाला तिकडचा. गाठी गोदामातच राहिल्या.

मी शेजारी, हिशोबाचा माणूस. स्पष्ट सांगितलं, "कायद्याने सौदा झालेलाच नाही. विकून टाका, नाहीतर पावसाळ्यात ओल धरेल."

"आयका जी, आमी दोघं तं एकच बोलून राह्यलो. मंग सगळ्या देशाइले मिळून एक कायदा काहून करता येत नाही?"

असं व्हावं, हे मलाही मनापासून वाटलं.

शेवटी यवतमाळचं एक गिऱ्हाईक आलं. चहा आला. व्यापाऱ्याने कप बाजूला सारून आधी ढाक्याला फोन लावला.

"भाई, मुझे जबान से छोड़ दो."

पलीकडून आवाज आला, "छोड़ दिया भाई. माल बेच दो."

"शेठ, सौदा मोडून राह्यले का सोयरीक?" गिऱ्हाईक हसलं.

ढाक्याशी बोलणं तर संपलं होतं. फोन मात्र दोघांपैकी कोणीच ठेवत नव्हतं.